लंडनमध्ये भाड्याने घर : भाग कसा निवडावा?

रानवाट
नमस्कार. येत्या काही महिन्यांत आम्ही चौघं लंडनला येतोय. माझं ऑफिस कॅनरी व्हार्फला, आठवड्यातून तीन दिवस जावं लागेल. व्हिसा स्किल्ड वर्करचा, नवरा तिथे आल्यावर नोकरी शोधेल. मुलगी नऊ वर्षांची, मुलाला नुकतीच तीन पूर्ण झाली. दोन बेडरूम हव्यात आणि भाड्यापायी महिना १,९०० पौंडांच्या वर जायची ताकद नाही.

राहायचं कुठे? ऑफिसातले लोक ग्रिनिच म्हणतात, नात्यातल्या एक ताई हाउन्स्लोशिवाय दुसरं नावच काढत नाहीत, नवऱ्याचे मित्र इलफर्डवर ठाम. ज्याला त्याला आपला भाग प्यारा. माझं मत विचाराल तर सुरुवातीला आपल्या लोकांच्या आसपास राहावं, मुलांना एकदम परकं वाटू नये. पण तेवढ्या एका गोष्टीवर भाग ठरवावा का? तिथे राहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सुपारी
वेम्बली नाहीतर हॅरो. डोळे झाकून. वेम्बलीतल्या ईलिंग रोडवर मिळत नाही अशी वस्तू नाही, शेजारी कुणी ना कुणी आपलं असतंच. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे, १९३२ पासूनचं मंडळ. गणपतीत एकदा जाऊन बघा, परदेशात आहोत हे विसरायला होतं.

मध्यरेघ
डोळे अजिबात झाकू नका. :)

रानवाट, भागांची नावं थोडा वेळ बाजूला ठेवा. ऑफिसपासून सुरुवात करा आणि रूळ धरून बाहेरच्या दिशेने या. कॅनरी व्हार्फला तीन रेल्वेमार्ग येतात : जुबिली, डीएलआर (हलकी रेल्वे) आणि एलिझाबेथ. यांतल्या एकावर थेट बसता येईल अशा ठिकाणीच घर शोधा.

तुम्ही लिहिलेली नावं याच चाळणीतून काढू. इलफर्डला एलिझाबेथ लाइन आहे, कॅनरी व्हार्फलाही आहे, म्हणून लोकांना वाटतं थेट गाडी असणार. नाहीये. ही लाइन व्हाइटचॅपलला फुटते. एक फाटा स्ट्रॅटफर्ड, इलफर्ड करत शेनफील्डला जातो, दुसरा कॅनरी व्हार्फ, वुलिच करत ॲबी वूडला. म्हणजे इलफर्डहून येताना व्हाइटचॅपलपर्यंत पुढे जाऊन परत मागे यायचं, किंवा स्ट्रॅटफर्डला उतरून जुबिली वा डीएलआर पकडायची. अशक्य काही नाही, पण रोज एक बदल आला.

हाउन्स्लोहून पिकॅडिली लाइनने ग्रीन पार्क, तिथे जुबिलीकडे जाणारा लांबलचक भुयारी रस्ता, मग पुढे सात-आठ थांबे. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत तासाच्या वर सहज जातो. मुलाला पाळणाघरातून आणायची वेळ ठरलेली असेल तर हा तास फार महागात पडतो.

वेम्बली पार्कहून जुबिली थेट आहे, इथे सुपारीचा मुद्दा मान्य. हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइन घेऊन वेम्बली पार्क किंवा फिंचली रोडला बदलायचं, तेही त्याच फलाटावर समोरची गाडी. सोपं आहे, लांब आहे.

आणि ज्यांची नावं अजून कुणी काढली नाहीत ते वुलिच आणि ॲबी वूड. मे २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाल्यापासून वुलिचहून कॅनरी व्हार्फ दुसरा थांबा आहे. मध्ये फक्त कस्टम हाउस. तिकिटासाठी लंडनचे झोन पाडलेत, मध्यभागी झोन १. वुलिच आणि ॲबी वूड दोन्ही झोन ४ मध्ये येतात, पण कॅनरी व्हार्फ झोन २ असल्यामुळे प्रवास झोन १ ला शिवत नाही, त्यामुळे तिकीट कमी लागतं. वेम्बली पार्कही झोन ४ च, पण तिथली गाडी शहराच्या पोटातून येते, झोन १ धरून पैसे कापले जातात. वर्षाचा हिशोब करा, फरक जाणवण्याइतका आहे.

ठोकळा
मध्यरेघ +१. एकच भर : अकरा वर्षांखालच्या मुलांना ट्यूब, डीएलआर आणि एलिझाबेथ लाइनवर तिकीट काढलेल्या मोठ्या माणसाबरोबर फुकट प्रवास, एका मोठ्यामागे चार मुलांपर्यंत. बसमध्येही लागत नाही. मुलांच्या तिकिटाची चिंता सध्या सोडा.

पाऊसवेडी
दोन मुलं आहेत म्हणताय आणि अजून शाळेचा विषय कसा निघाला नाही? माझ्या मते घर शाळेमागून यावं.

सरकारी शाळा मोफत आहेत आणि डिपेंडंट व्हिसावरच्या मुलांनाही मिळतात. पण बहुतेक शाळांत भावंडं वगैरे झाल्यावर प्रवेश अंतरावर ठरतो. नावाजलेल्या शाळेच्या बाबतीत हे अंतर काहीशे मीटर इतकं आक्रसतं. गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावरच्या मुलाला मिळाला हे बऱ्याच कौन्सिल्स (स्थानिक पालिका) जाहीर करतात. घर बघायला जायच्या आधी तो आकडा बघा. एजंट 'चांगल्या शाळेजवळ' असं लिहितो, त्या 'जवळ'ला प्रवेशाच्या दृष्टीने काही किंमत नसते.

तुमच्या मुलीला मधल्या वर्गात, म्हणजे इन-इयर प्रवेश लागेल. तिथे जागा रिकामी असेल तरच मिळते. यात एक बरं आहे की लंडनमध्ये जन्मदर घटल्याने कितीतरी प्राथमिक शाळांत जागा रिकाम्या आहेत, आतल्या भागातल्या काही शाळा बंद किंवा एकत्रही झाल्या. त्यामुळे प्राथमिकला जागा मिळेल, अगदी हवी तीच शाळा मिळेल असं नाही.

खरी घाई माध्यमिकची. इथल्या सहावीच्या, म्हणजे इयर सिक्सच्या, वर्षी ३१ ऑक्टोबर ही अर्जाची शेवटची तारीख, निकाल १ मार्चला. मुलगी नऊची म्हणजे फार वेळ नाही. ग्रामर स्कूलचा (प्रवेशपरीक्षेवर मुलं निवडणारी सरकारी माध्यमिक शाळा) विचार असेल तर परीक्षा साधारण सहावीच्या सुरुवातीलाच सप्टेंबरात होतात आणि नावनोंदणी त्याआधी करावी लागते. ग्रामर शाळा सगळीकडे नाहीत. रेडब्रिज, बार्नेट, सटन, किंग्स्टन, बेक्सली, ब्रॉमली, एनफील्ड या बरोंमध्ये (लंडनच्या पालिका विभागांत) आहेत. ईलिंग, हाउन्स्लोत नाहीत. ॲबी वूड स्टेशन ग्रिनिच आणि बेक्सलीच्या हद्दीवर आहे, हे तुमच्या दृष्टीने बघण्यासारखं.

सुपारी
सगळे रूळ आणि मीटर मोजताय, माणसं कुणी मोजत नाहीये. नवरा सुरुवातीला घरी असणार, धाकटा लहान. ऑफिसला जाणारीचं मन रमतं, घरी राहणाऱ्याचं काय? डिसेंबरात इथे चारच्या आधी अंधार पडतो. त्या वेळी दोन दारं सोडून कुणीतरी 'चहाला या' म्हणणारं असणं ही चैन नाही, गरज आहे. माझ्या ओळखीची कुटुंबं केवळ एकटेपणाला कंटाळून वर्षाच्या आत भाग बदलून हॅरोला आली.

मध्यरेघ
सुपारी, हा मुद्दा मी मोडीत काढत नाही. पण आपली माणसं फक्त वायव्य लंडनमध्ये राहतात असं नाही. वुलिच-ॲबी वूडकडे आयटी आणि बँकांतली भारतीय कुटुंबं भरपूर आहेत, पलीकडे ईस्ट हॅममध्ये तमिळ-मल्याळी वस्ती जुनी आहे. मंडळाच्या कार्यक्रमाला शनिवारी जाता येतं. ऑफिसला मात्र मंगळवारी सकाळी आठलाच निघावं लागतं.

अवखळ
हाउन्स्लोबद्दल एक सांगते, तिथे राहत होते म्हणून. भाग वाईट नाही, भाडं त्या मानाने बरं, किराणा उत्तम. पण विमानं! वारा पश्चिमेचा असला की हीथ्रोला उतरणारी विमानं डोक्यावरून जातात, आणि बहुतेक दिवस वारा पश्चिमेचाच असतो. दोन धावपट्ट्या आहेत, दुपारी तीनला उतरण्याची पट्टी बदलतात, त्यामुळे तुमच्या गल्लीत आवाज एक आठवडा सकाळी तर दुसऱ्या आठवड्यात दुपारनंतर. घर बघायला शांत वेळेत गेलात तर काही कळणार नाही. खिडकीत उभं राहून बोलणं थांबवावं लागतं का, हे आवाजाच्या वेळेत जाऊनच बघा.

गणोबा
आणि वेम्बलीत स्टेडियम आहे हे सुपारी सांगायला विसरले. नव्वद हजार माणसांचं. फायनलच्या दिवशी वेम्बली पार्क स्टेशनातून घरी पोचणं हाच एक सामना. रानवाट, यजमानांना फुटबॉल आवडत असेल तर त्यांना आधी विचारू नका, वेम्बलीच ठरेल. हलके घ्या.

सुपारी
गणोबा, :D मॅचच्या दिवशी आम्ही नॉर्थ वेम्बलीला उतरतो. राहणाऱ्याला वाटा माहीत असतात.

चौथा_मजला
पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं खरडतो. भाग ठरवतानाच हे माहीत हवं, कारण १,९०० मध्ये काय बसतं हे भाड्याच्या आकड्यापेक्षा बाकीच्या गोष्टींवर ठरतं.

जाहिरातीत भाडं आठवड्याचं आहे की महिन्याचं ते बघा. आठवड्याला ४५० पौंड म्हणजे चारने गुणून १,८०० नव्हे. ४५० गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे १,९५०. तुमच्या मर्यादेबाहेर.

वर कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टीसारखा पालिकेचा कर, तो भाडेकरूने भरायचा. घरांचे ए ते एच असे पट्टे आहेत आणि गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये ते आजही १९९१ च्या किमतींवर आहेत. एकाच पट्ट्याला बरोप्रमाणे दर वेगळा : वॉन्ड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टरमध्ये सर्वांत कमी, बाहेरच्या काही बरोंमध्ये दुपटीच्याही वर. बिल सहसा दहा हप्त्यांत येतं.

डिपॉझिट : वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तुमच्या बाबतीत सुमारे २,१९२ पौंड. घर राखून ठेवायला जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं. 'एजंट फी', 'रेफरन्स फी' म्हणून कुणी पैसे मागितले तर २०१९ च्या कायद्याने ते बेकायदा आहे. डिपॉझिट तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा झालं पाहिजे, त्याचा कागद मागून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नव्याने येणाऱ्याकडे इथला क्रेडिट इतिहास नसतो, म्हणून आजवर लोक सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देऊन घर मिळवायचे. जुने लोक अजूनही तोच सल्ला देतात. रेंटर्स राइट्स कायद्यामुळे १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये करार होण्याआधी भाडं मागता किंवा स्वीकारता येत नाही, आणि सही झाल्यावर भाडेकरार सुरू होण्याआधी जास्तीत जास्त एका महिन्याचं आगाऊ भाडं मागता येतं. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा वर बोली लावून घर देणंही बंद. मुलं आहेत म्हणून नकार देणंही बेकायदा. भाडेकरूच्या दृष्टीने चांगलाच कायदा, पण त्यामुळे आगाऊ भाड्याची वाट बंद झाली आणि तुमचा पगार व हमी यांवर जास्त भार आला. एजंट साधारणपणे वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या तीसपट बघतात, म्हणजे १,९०० साठी ५७,०००. एकट्या तुमच्या पगारात ते बसतंय का बघा. नसेल तर गॅरंटर, म्हणजे हमीदार, लागेल. कंपनी हमीपत्र देते का हे निघायच्या आधीच एचआरला विचारा.

रानवाट
चौथा_मजला, मनापासून आभार, सहा महिन्यांचं भाडं साठवायचंच आम्ही ठरवलं होतं. पगार तीसपटीत बसतो, थोडक्यात.

वुलिच-ॲबी वूड माझ्या यादीतच नव्हतं. पण कुणीतरी म्हणालं तो भाग सुरक्षित नाही. खरं आहे का? आणि मुलासाठी तीस तास मोफत पाळणाघर मिळतं असं वाचलं, त्यावर बजेट मांडलंय.

पाऊसवेडी
रानवाट, ते बजेट आजच दुरुस्त करा. नऊ महिन्यांपासून मिळणारे ते तीस तास नोकरी करणाऱ्या पालकांसाठी आहेत, आणि दोघांपैकी निदान एकाला पब्लिक फंड्सचा, म्हणजे सरकारी मदतीचा, हक्क असावा लागतो. स्किल्ड वर्कर व्हिसावर सहसा 'नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स' असतं, डिपेंडंटलाही तेच. म्हणजे तुम्हाला ते लागू नाही. मात्र तीन आणि चार वर्षांच्या सगळ्या मुलांना पंधरा तास मिळतात, वर्षातले ३८ आठवडे, त्याला व्हिसाची अट नाही. तिसऱ्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून सुरू. काही प्राथमिक शाळांना जोडून नर्सरी असते, तिथे हे पंधरा तास घेतले की पूर्ण दिवसाच्या पाळणाघराचा खर्च यजमानांना नोकरी लागेपर्यंत टळेल. मुलगी आणि मुलगा एकाच आवारात असतील तर सकाळची धावपळही अर्धी.

चार पूर्ण झाल्यावरच्या सप्टेंबरात त्याची रिसेप्शन (प्राथमिक शाळेचा पहिला वर्ग) सुरू, अर्ज आधीच्या १५ जानेवारीपर्यंत. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

मध्यरेघ
सुरक्षिततेबद्दल. 'वुलिच सुरक्षित आहे का' या प्रश्नाला उत्तर नाही, 'ही गल्ली कशी आहे' याला आहे. लंडनमध्ये शंभर पावलांवर चित्र बदलतं. वुलिचमध्येच नदीकडचा रॉयल आर्सेनल, जुन्या शस्त्रकारखान्याच्या जागेवरची नवी वसाहत, आणि रस्त्यापलीकडचा भाग, यांच्या भाड्यात आणि वातावरणात फरक आहे. police.uk वर पत्ता टाकला की त्या रस्त्यावर महिन्याभरात काय काय घडलं ते नकाशावर दिसतं. स्टेशनाजवळ आकडे फुगलेले दिसतात, कारण दुकानातल्या चोऱ्या तिथेच नोंदल्या जातात. त्याला घाबरू नका. घरफोडी आणि लूटमार वेगळी काढून बघा.

आणि रात्री आठला स्टेशनपासून घरापर्यंत चालून बघा. दिवे आहेत का, वाटेत उघडी दुकानं आहेत का, तो रस्ता बागेतून तर जात नाही ना.

ॲबी वूडबद्दल सावध करतो : जाहिरातीत 'ॲबी वूड' लिहितात आणि घर निघतं थेम्समीडला. थेम्समीडला स्वतःचं स्टेशन नाही, बसने यावं लागतं. वाईट जागा नाही, तळी आहेत, मोकळं आहे, पण मग थेट गाडीचा फायदा राहत नाही.

विहीरपाणी
सगळे भागावर बोलतायत, मी घरावर बोलते, कारण चांगल्या भागातल्या ओल्या घरात आम्ही एक हिवाळा काढला आहे. घरमालकाने काही दाद दिली नाही आणि धाकटीचा खोकला मार्चपर्यंत हटला नाही.

घर बघायला गेलात की दिवाणखान्यात उभं राहून हो-हो करू नका. बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट असेल तर मागे मोबाइलचा टॉर्च मारा. खिडकीच्या खालच्या चौकटीत, रबरी पट्टीच्या कडेला, काळे ठिपके आहेत का बघा. बोट फिरवून वास घ्या. एकाच कोपऱ्यात ताजा रंग असेल तर विचारा का. बाथरूमला खिडकी नसेल तर पंखा चालू करून त्याच्या जाळीला कागदाचा तुकडा लावा, ओढून धरला पाहिजे. हीटिंग गॅस बॉयलरचं आहे की जुन्या विजेच्या स्टोरेज हीटरचं, हे बिलात फार फरक करतं. प्रत्येक घराला ए ते जी ऊर्जा श्रेणी असते, ऑनलाइन कुणालाही बघता येते. भाड्याने द्यायला निदान ई लागते. पण तुम्ही सी च्या खाली जाऊ नका. भाडं शंभर पौंडांनी कमी आणि हिवाळ्यात बिल त्याहून जास्त, असं व्हायला नको.

ठोकळा
विहीरपाणी, कागदाची युक्ती भारी.

तिसरी_घंटा
सगळं वाचलं आणि एक वेगळा सल्ला. लंडनबाहेर का नाही? स्लाउ, रेडिंग एलिझाबेथ लाइनवर आहेत, कॅनरी व्हार्फला बऱ्याच गाड्या थेट येतात. स्लाउला ग्रामर शाळा आहेत, भारतीय भरपूर, त्याच पैशांत जागा मोठी.

मध्यरेघ
तिसरी_घंटा, आठवड्यातून एक दिवस ऑफिस असतं तर मीही हेच म्हणालो असतो. तीन दिवसांना अंतर आणि गाडीचं तिकीट दोन्ही अंगावर येतं. शिवाय ऑयस्टर कार्ड (लंडनचं प्रवासाचं कार्ड) वेस्ट ड्रेटनच्या पुढे चालत नाही, तिथे कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड किंवा कागदी तिकीट लागतं.

तिसरी_घंटा
कार्डाचं काय घेऊन बसलात, मागे बाग असलेलं घर मिळतं. मुलांना खेळायला जागा हवी की नको? मी आजही स्लाउच म्हणेन.

गणोबा
गाडी घेणार असाल तर : २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांवरचा आकार) लंडनच्या सगळ्या बरोंना लागू आहे, जुनी डिझेल घेऊ नका. आणि बऱ्याच गल्ल्यांत रहिवाशांचा पार्किंग परवाना लागतो. काही नव्या इमारतींतल्या लोकांना तो मिळतच नाही, 'कार-फ्री' अटीवर बांधलेल्या असतात. करार करायच्या आधी विचारून घ्या.

अवखळ
पहिल्या दिवसापासून वर्षाच्या घरात शिरायची घाई कशाला? महिनाभराचं तात्पुरतं घर घ्या, तिथून पायी फिरून बघा. परदेशातून, व्हिडिओवर बघून, पैसे पाठवून घर घेऊ नका. घर अस्तित्वात नसलेल्या जाहिराती असतात. थोडे पैसे भरले की लँड रजिस्ट्रीत मालकाचं नाव दिसतं, ते करारातल्या नावाशी जुळवा.

रानवाट
सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याबरोबर बसून वाचले. आमचं असं ठरतंय : पहिला महिना वुलिचला तात्पुरतं घर, तिथून वुलिच, ॲबी वूड आणि बेक्सलीच्या बाजूची घरं बघायची. सुपारी, तुमचं म्हणणं नवऱ्याला पटलं, म्हणून वेम्बली पार्कही यादीत ठेवलंय. तिथेही दोन शनिवार काढणार आहोत. एकटं घरी तोच असणार, तेव्हा शेवटचं मत त्याचं.

एक शंका राहिली. तात्पुरत्या घराच्या पत्त्यावर मुलीच्या शाळेचा अर्ज करता येतो का? महिनाभर तिला घरी बसवायचं जिवावर येतंय.

सुपारी
वेम्बलीला आलात की व्यक्तिगत निरोप पाठवा. घर बघायला मी बरोबर येईन, आणि यजमानांची इथल्या दोघा-चौघांशी ओळखही करून देतो. घर कुठेही घ्या.

पाऊसवेडी
रानवाट, नियम प्रत्येक कौन्सिलचे वेगळे. पत्त्याचा पुरावा म्हणून सहसा भाडेकरार किंवा कौन्सिल टॅक्सचं बिल मागतात, सुट्टीत राहतात तसल्या घराच्या पावतीवर भागेल असं धरून चालू नका. ग्रिनिच आणि बेक्सली, दोन्हींच्या ॲडमिशन्स विभागाला आत्ताच ईमेल टाका : मुलीची जन्मतारीख, येण्याची तारीख, आणि तिच्या इयत्तेत कुठल्या शाळांत जागा आहेत हा प्रश्न. ते यादी पाठवतात. ती यादी हातात आली की घरं त्या शाळांभोवती शोधा, आणि करार झाल्या दिवशी अर्ज भरा. तिचे लसीकरणाचे कागद आणि आत्ताच्या शाळेचं प्रगतिपुस्तक सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

चौथा_मजला
त्याच पिशवीत पगाराचं ऑफर लेटर. आणि ई-व्हिसाचा शेअर कोड (व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायचा क्रमांक) आधी काढून बघा, इंग्लंडमध्ये भाड्याने घर घेताना 'राइट टु रेंट' (भाड्याने राहायचा हक्क) तपासणीला प्रत्येक प्रौढाचा लागतो, यजमानांचाही वेगळा. पासपोर्ट क्रमांक खात्याला नीट जोडलेला नसेल तर तो निस्तरायला दिवस जातात, आणि चांगलं घर तेवढे दिवस थांबत नाही.